ताईंचं ‘बघू’

आमच्या शिलाईखात्याचं काम सांभाळणाऱ्या ताईंना कुणी काहीही विचारलं, तरी उत्तर एकच. ‘बघू.’ सुट्टी हवी? बघू. मशीन खडखडतंय, बदलून मिळेल? बघू. पाठीमागे सगळ्याजणी त्यांना बघूताई म्हणायच्या आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

नवीन आलेल्या बाईला वाटायचं, ताई टोलवाटोलवी करतात. मलाही वाटलं होतं. मी तेव्हा काजाच्या मशीनवर नुकतीच लागले होते. बहिणीचं बाळंतपण तोंडावर आलेलं आणि तिचं करायला माझ्याशिवाय कुणी नाही. ताई कटिंग टेबलावर कापडाचे थर सारखे करत होत्या. मी चाचरत सुट्टी मागितली. मान वर न करता त्या म्हणाल्या, “बघू.” मी तोंड पाडून जागेवर आले. दुसऱ्या दिवशी कामावर पोचले, तर माझ्या मशीनवर दुसरीच बसलेली. नोकरी गेली म्हणून मी दारातच उभी. तेवढ्यात टेबलापासून ताईंचा आवाज आला, “तू इथे काय करतेस गं? तुझ्या बहिणीचं बाळंतपण मी करायचं का?”

मग हळूहळू कान तयार झाला. मान खाली, हात चालू आणि शब्द नुसता टाकून दिलेला असला, की काम झालं म्हणून समजायचं. चष्मा डोक्यावर सरकवून “बघू हं” म्हणाल्या तर मनात आहे, पण तूही जरा हातपाय हलव. शेवटचा ऊ लांबला तर नाही. आणि का नाही ते तुझं तुला माहीत आहे, मला बोलायला लावू नकोस. आणखी एक ‘बघू’ होतं, ते मात्र क्वचित यायचं. त्यात हातातलं काम थांबायचं. ताई समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या आणि शब्द अगदी हळू, अगदी आखूड यायचा. करून तर दाखव, असा त्याचा अर्थ.

जुन्या साहेबांना हे सगळं पाठ होतं. ते निवृत्त झाले आणि मोठ्या ऑफिसातून नवे साहेब आले. तरुण, नीटनेटके, कधी आवाज चढवायचे नाहीत. वाईट माणूस म्हणून मी त्यांच्यावर शिक्का मारणार नाही. घरी दुसरीच भाषा बोलत वाढलेले, मराठी शिकून घेतलेली. बोलायचे मात्र आमच्यापेक्षा शुद्ध. अडचण एवढीच, की ऐकताना त्यांना फक्त शब्द ऐकू यायचे.

आमचं खातं पहिल्या मजल्यावर. पुढचं दार जिन्यात उघडतं, पण त्याच्याशी तयार मालाचे गठ्ठे कायम छातीएवढे रचलेले. एकीनं अंग चोरून जायचं म्हणजे दुसरीनं थांबायचं. मागचं दार इस्त्रीच्या टेबलाशेजारी. तिथून लोखंडी जिना खाली अंगणात उतरतो. अंगणात नळ, भिंतीची सावली, डबा खायला जागा. इस्त्रीची वाफ आणि कापडाची धूळ त्याच दारानं बाहेर जाते. एकदा इस्त्रीखालचा कपडा पेटला होता, बघता बघता शेजारच्या गठ्ठ्यानं पेट घेतला, तेव्हा आम्ही सगळ्या त्याच दारानं खाली उतरलो होतो. इस्त्रीवाल्या काकांच्या हातावर अजून डाग आहे. त्या दाराला कुलूप कसलं ते आम्हाला माहीत नव्हतं.

नवे साहेब आले आणि थोड्याच दिवसांत दोऱ्याची रिळं, चेनी, बटणांची पाकिटं कमी भरायला लागली. कोण नेत होतं देव जाणे. साहेबांनी विचार केला आणि त्यांना मागचं दार दिसलं.

एका दुपारी ते टेबलापाशी आले. “ताई, सोमवारपासून मागच्या दाराला कुलूप राहील. चावी माझ्याकडे. सगळ्यांना पुढच्या दारानं ये-जा करावी लागेल. चालेल ना?”

ताईंनी कटर बंद केला. एकेक मशीन थांबत गेलं. काकांनी इस्त्री वरच्या वर धरून ठेवली. ताईंनी साहेबांकडे सरळ बघितलं.

“बघू.”

माझ्या शेजारच्या बाईनं तर डोळेच मिटून घेतले. आता काय होतंय!

साहेब हसले. “थँक यू, ताई. तुम्ही समजून घ्याल, याची मला खात्री होती.”

आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, विषय संपला. त्यांनाही तेच वाटलं.

सोमवारी दाराला नवा कोयंडा आणि पितळी कुलूप. काका वाफेत उभे राहून घाम पुसत होते. ताई पिशवी खांद्यावर तशीच ठेवून साहेबांच्या केबिनकडे गेल्या. केबिनला अर्धी काच आहे, आतलं सगळं ऐकू येतं.

“कुलूप का लागलं?”

साहेब खरोखरच गोंधळले. “आपलं बोलणं झालं होतं ना? तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”

“म्हणाले. पण कसं म्हणाले?”

“कसं म्हणजे?”

“साहेब, तिथे झाडूवाल्या मावशी होत्या. इस्त्रीवाले काका होते. चहा द्यायला आलेला माणूस होता. सगळ्यांना कळलं मी काय म्हणाले ते.”

“ताई, मी शब्दावर चालतो. तुम्ही ‘नाही’ म्हणाला नाहीत. मी मालकांना कळवलंसुद्धा, की कामगारांची तयारी आहे.”

“आमची तयारी?”

“हो.”

ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दिवसभर त्यांनी कटर चालवला.

घरी जाताना मी त्यांच्याबरोबरच जाते. ताईंचे यजमान, त्यांना मी भाऊजी म्हणते, भाड्याची व्हॅन चालवतात. आमच्या खात्याचाही माल नेतात. संध्याकाळी बायकोला न्यायला येतात आणि वाटेत मला सोडतात. त्या दिवशी तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो होतो. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सरळ नाही म्हणायचं होतंस. एवढी वर्षं मलाही ‘बघू बघू’ करत आलीस.”

“तुम्हाला कळतं की नाही?”

“मला कळतं. मला न कळून सांगतो कुणाला!”

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “अहो, तोंडावर नाही म्हटलं की माणसाला राग धरावाच लागतो. ‘बघू’ म्हटलं की त्याला मागे सरकायला जागा मिळते. मी त्यांना जागा दिली होती. त्यांनी तिथे कुलूप लावलं.”

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय! त्यांना शब्द हवा ना? घेऊ दे शब्द.”

एवढंच बोलल्या. आम्ही काही ठरवून केलं असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या मशीनपाशी आले, “शर्टांची काजं आज संपतील?” माझ्या तोंडून आपसूक निघालं, “बघू.” शेजारच्या मशीनवर खाकरल्याचा आवाज आला. ते पुढे चेकिंगच्या बाईकडे गेले. “डाग पडलेले तुकडे बाजूला काढलेत ना?” “बघू.” काकांना विचारलं, इस्त्री नीट तापते का? काका हातातली इस्त्री उलटी करून तिच्याकडे गंभीरपणे बघत म्हणाले, “बघू.”

दोन दिवसांत सगळं खातं बघूमय झालं. काम एका टाक्यानंही कमी झालं नव्हतं. उलट, इतकं मन लावून आम्ही कधी शिवलं नसेल. फक्त साहेबांना कशाचाच अंदाज लागेना. पहिल्यांदा त्यांनी आमच्या प्रत्येक ‘बघू’चा अर्थ ‘हो’ धरला आणि फसले. मग ‘नाही’ धरला आणि आणखीच फसले. एका गिऱ्हाइकाला त्यांनी फोन करून माफी मागितली, की शुक्रवारी माल मिळणार नाही. शुक्रवारी भाऊजी व्हॅन घेऊन माल पोचवायला हजर. गिऱ्हाईक म्हणालं, ठेवू कुठे, मी जागा दुसऱ्याला दिली! साहेबांच्या नाकी नऊ आले. केबिनमध्ये ते ‘बघू’ हा शब्द वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होते, असं चहावाला सांगत होता. मला ते ऐकून थोडं वाईट वाटलं. थोडंच.

शेवटी त्यांनी हजेरीच्या फळ्यावर खडूनं मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहिलं: यापुढे विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर द्यावं. ‘बघू’ हा शब्द कामाच्या जागी वापरू नये.

आम्ही सगळ्या फळ्याखाली गोळा झालो. ताईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मला वाटलं, चिडतील. पण त्यांचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “साहेबांनी आपणहून मागितलंय.”

मालक दर महिन्याला एकदा चक्कर मारायचे. त्या महिन्यात आले, तेव्हा साहेबांनी मशीनं बंद करायला लावून सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. मालक म्हातारे, बोलायला गोड. साहेब म्हणाले, “मालकांसमोर एकदा स्पष्ट होऊन जाऊ दे. मागचं दार बंद ठेवायला तुमची संमती आहे. हो की नाही?”

“नाही,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी पापणीसुद्धा हलवली नाही. मला वाटतं, ताईंचं ते अपेक्षितच होतं त्यांना. ते चेकिंगच्या बाईकडे वळले.

“नाही.”

“नाही,” मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की माझी मीच दचकले.

काका म्हणाले, “नाही.” झाडूवाल्या मावशींना कुणी विचारलंच नव्हतं, त्याही म्हणाल्या, “नाही.”

मग पाळी आली दोरे कापणाऱ्या पोरीची. नुकतीच लागलेली. नवरा कामाविना घरी, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि ही सगळ्या खात्यात सगळ्यात घाबरट. कुणी जोरात हाक मारली तरी कात्री हातातून सुटायची. साहेब तिच्यासमोर जरा वाकून, मऊ आवाजात म्हणाले, “तुम्ही नवीन आहात. तुमची तरी संमती आहे ना? घाबरू नका. हो की नाही?”

तिचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही.

“काय म्हणालात?”

“नाही!” ती किंचाळलीच. “नाही म्हणाले! नाही, नाही, नाही!” आणि रडायला लागली. ताईंनी तिला एका हातानं जवळ ओढलं आणि मालकांकडे वळल्या.

“मालक, आता मी एक विचारू? पुढच्या दाराशी गठ्ठे आहेत, तुम्ही आत्ता त्यांच्यातूनच वाट काढत आलात. उद्या पुन्हा कपडा पेटला, तर आम्ही सगळ्या त्या दारानं धड बाहेर पडू? हो की नाही?”

मालकांनी ताईंच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. “बघू ना, ताई,” ते म्हणाले. “मी स्वतः लक्ष घालतो. बघू आपण.”

काय गोड ‘बघू’ होतं ते! लोणीच. साहेबांना वाटलं असेल, मालक विरघळले. पण आमचे कान त्या शब्दावर तयार झालेले. ते भिजत घोंगडं होतं. चार दिवस जातील, सगळ्या निवतील, कुलूप राहील.

ताई म्हणाल्या, “मालक, फळा बघा. त्या शब्दाला इथे बंदी आहे.”

कुणीतरी फिसकन हसलं. मालकांनी फळा वाचला, मग साहेबांकडे असं बघितलं की साहेबांनी मान खाली घातली. मालकांचा आवाज बदलला. “मग ऐका. कुलूप राहील. चोऱ्या बंद झाल्या की पुढचं पुढे.”

“चोर पकडा. मी मदत करते. आमच्या पिशव्या रोज तपासा, माझी पहिली. पण आम्हाला कोंडायचं नाही.”

“कुलूप राहील, म्हटलं ना.”

“बरं,” ताई म्हणाल्या आणि टेबलाखालून आपली पिशवी उचलली.

त्या पुढच्या दारानं निघाल्या. आम्ही त्यांच्या मागोमाग. गठ्ठ्यांतून अंग चोरत, एकामागून एक, बाहेर पडायला केवढा वेळ लागला! मालक उभे राहून बघत होते. बघणं भागच होतं. काका सगळ्यांत शेवटी आले, इस्त्रीची पिन काढून आणि स्वतःचं स्टूल काखेत मारून. इमारतीला वळसा घालून आम्ही अंगणात आलो आणि लोखंडी जिन्यावर खालपासून वरपर्यंत बसलो. ताई सगळ्यांत वरच्या पायरीवर, पाठ बंद दाराला टेकवून.

थोड्या वेळानं खिडकीतून साहेबांचं डोकं बाहेर आलं. “ताई, काम थांबलंय.”

“दार उघडा. आत येतो.”

“पुढचं दार उघडंच आहे.”

“त्या दारानं तुम्ही ये-जा करा, साहेब. आम्ही येऊ ते या दारानं.”

“हे बरोबर नाही. मी तुम्हा सगळ्यांना कामावरून काढू शकतो.”

“काढा,” खालच्या पायरीवरून आवाज आला. बघतो तर काय, दोरेवाली! डोळे अजून सुजलेले, नाक लाल. सगळ्यांनी वळून बघितलं तशी ती पुन्हा गोगलगायीसारखी शंखात शिरली, पण बोलून तर गेली.

ऊन वर चढलं, पायऱ्या तापल्या, आम्ही पिशव्या खाली घालून बसलो. पगार बुडाला तर घरी काय सांगायचं, हे प्रत्येकीच्या डोक्यात असणार. तरी उठली कुणी नाही. दुपारी भाऊजी माल न्यायला व्हॅन घेऊन आले. जिन्यावरची वरात बघून त्यांनी इंजिन बंद केलं. साहेबांनी खिडकीतून सांगितलं, तयार आहे तेवढा तरी भरा. भाऊजी म्हणाले, “भरतो की. इस्त्री झालेला द्या.” इस्त्रीवाले काका भिंतीच्या सावलीत स्टुलावर घोरत होते.

आत मालकांचा चढलेला आवाज ऐकू येत होता, मध्येच साहेबांचा. मालक म्हणत होते, संध्याकाळपर्यंत आपोआप वर येतील. आणि साहेब म्हणाले, ते मात्र आम्ही सगळ्यांनी नीट ऐकलं, “नाही येणार. त्या ‘नाही’ म्हणाल्यात.”

बऱ्याच वेळानं ताईंच्या पाठीमागे किल्ली फिरली. ताई उठून उभ्या राहिल्या, पदराला लागलेला गंज झटकला. दार उघडलं. साहेब एकटेच होते, हातात कुलूप. मालक पुढच्या दारानं निघून गेले होते. साहेब बाजूला झाले. ताईंनी हात पुढे केला आणि त्यांनी कुलूप त्या हातावर ठेवलं. ताईंनी ते नेऊन कटिंग टेबलावर, कापडाचे थर हलू नयेत म्हणून ठेवलं आणि कटर सुरू केला. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून आम्ही तो माल पुरा केला. भाऊजींनी तो पोचवला.

रिळांचा चोर पुढे सापडला. गोदामातलाच माणूस निघाला, आमच्या दाराशी त्याचा काही संबंध नव्हता. पण मालकांनी राग धरला होता, तो उतरला नाही. पुढच्या आठवड्यात ताईंना कटिंगवरून काढून दोरे कापायला बसवलं. पगारही तेवढा कमी. टेबलावर बाहेरून एक कटिंग मास्तर आणला. मास्तर सरळ माणूस आहे, त्याला आम्ही त्रास देत नाही. तो स्वतःच ताईंसमोरून जाताना मान खाली घालतो.

ताई दोरेवालीशेजारी बसतात, पाठ ताठ. एकदा साहेब त्यांच्यापाशी येऊन घुटमळले. मी जवळच होते.

“ताई, तो निर्णय माझा नव्हता. तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात?”

“हो.”

साहेबांना एवढं सरळ उत्तर बहुतेक नको होतं. “मी काय करू शकतो?”

“माझं टेबल परत द्या.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग मालकांना सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, की चूक झाली.”

ते म्हणाले, “सांगितलं होतं. एकदा.”

“पुन्हा सांगा,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा शर्ट उचलला.

आता मालक आले, की ताई कात्री खाली ठेवतात, हात धुतात आणि केबिनमध्ये जाऊन टेबल मागतात. मालक नाही म्हणतात. ताई ऐकून घेतात, परत येऊन बसतात, कुणाशी कुरकूर नाही. भाऊजी म्हणाले, किती वेळा तोंडघशी पडणार आहेस? त्या म्हणाल्या, तोंडघशी कोण पडतंय? त्यांना दर वेळी माझ्याकडे बघून नाही म्हणावं लागतं, म्हणू दे.

परवा डबा खाताना दोरेवालीनं विचारलं, ताई एकट्याच का जातात? काका म्हणाले, त्या केबिनमध्ये आपण सगळे मावणार नाही. चेकिंगची बाई म्हणाली, नाही मावलो तर दार उघडं ठेवू. या खेपेला मालक आले, की मशीनं बंद करून आम्ही सगळ्या ताईंबरोबर आत जाणार आहोत.